बिगारीपासून मिस्त्रीपर्यंत: काम कुठे शिकायचं आणि त्याचा कागद कसा मिळवायचा

हे मुख्यतः त्यांच्यासाठी लिहितोय जे कित्येक वर्षं साईटवर घमेलं उचलतायत, माल कालवतायत, विटा पुरवतायत, सगळं काम रोज डोळ्यासमोर बघतायत पण हजेरी अजून बिगारीचीच लागते. आणि त्यांच्या घरातल्या त्या पोरापोरींसाठी ज्यांना फोनवर फॉर्म भरता येतो, कारण बऱ्याचदा माणूस कामात अडत नाही, फॉर्ममध्ये अडतो. मी साईट सुपरवायझर आहे, पुण्याकडे काम करतो, त्यामुळे उदाहरणं सगळी महाराष्ट्रातली आहेत.

आपल्याकडे काय झालंय की हात साईटवर शिकतो आणि सर्टिफिकेट सेंटरवर मिळतं आणि दोघांची गाठच पडत नाही. एखाद्याचा हात असा की त्याने लावलेल्या भिंतीला ओळंबा, म्हणजे भिंत सरळ उभी आहे का बघायची वजनाची दोरी, लावायची गरज नाही पण त्याच्याकडे कागद शून्य, आणि एखाद्याकडे लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट आहे पण त्याला कोपरा उचलता येत नाही. दोन्ही पाहिजे. आणि क्रम असा ठेवा की आधी एक काम नीट धरायचं, मग त्याचा कागद करायचा, उलटं केलं की सर्टिफिकेट ट्रंकेत पडून राहतं.

आधी एक ट्रेड धरा

बिगारी सगळ्यांचा असतो, आज प्लास्टरवाल्याच्या हाताखाली, उद्या सेंट्रिंगवाल्याकडे (काँक्रीट ओतायचा साचा बांधणारा), परवा स्लॅबला, आणि म्हणूनच दहा वर्षं झाली तरी तो कशातच पक्का होत नाही. गवंडीकाम, प्लास्टर, सेंट्रिंग, स्टील फिटर (सळई कापून बांधणारा), टाईल्स, प्लंबिंग, वायरिंग, पेंटिंग, वॉटरप्रूफिंग यातलं एक निवडा आणि मुकादमाला स्पष्ट सांगा की मला याच टीममध्ये टाक, दोन पैसे कमी मिळाले तरी चालतील पण टीम बदलू नको.

कुठलं निवडायचं हे तुम्ही पुढे कुठे राहणार त्यावर ठरवा. पुण्या-मुंबईच्या टॉवरमध्ये आता वीट कमी झालीय, सगळीकडे हलके, मोठे एएसी ब्लॉक, आणि मोठ्या प्रोजेक्टला अॅल्युमिनियमचं शटरिंग, ज्याला साईटवर सगळे मायवान म्हणतात. त्यात भिंतीसुद्धा काँक्रीटच्याच ओततात, म्हणजे वीटकाम आणि जाड प्लास्टर जवळजवळ संपतं. तिथे टिकायचं असेल तर फिटर, अॅल्युमिनियम शटरिंग, टाईल्स, वॉटरप्रूफिंग ही कामं बघा. गावाकडे परत जायचं असेल तर गवंडीकामच शिका, कारण गावात घरकुल बांधणाऱ्याला पाया, वीट, प्लास्टर, कोबा, फरशी सगळं एकाच माणसाकडून करून घ्यायचं असतं. प्लंबिंग आणि वायरिंगचा फायदा असा की बांधकाम थांबलं तरी रिपेअरचं काम बंद पडत नाही. पण वायरिंगमध्ये स्वतःच्या नावावर काम घ्यायचं तर लायसनचा प्रश्न येतो, म्हणून तिथे आयटीआयच करा, शॉर्टकट नको. मला विचाराल तर तिशीच्या आतल्या मुलाने टाईल्स शिकावं, सावलीत काम आहे, पावसात बंद पडत नाही, आणि केलेलं काम गिऱ्हाईकाला दिसतं.

साईटवर नक्की काय शिकायचं

नुसतं बघून काम येत नाही हे तुम्हालाही माहितीय. मिस्त्री दोन्ही कोपरे स्वतः उचलतो आणि मधलं भरायला हेल्परला देतो, कारण खरं काम कोपऱ्यातच असतं, कोपरा ओळंब्यात आणि गुण्यात, म्हणजे काटकोनात, उचलला की मधे फक्त सूत म्हणजे दोरी ताणून विटा बसवत जायचं. त्यामुळे तुम्हाला शिकायचाय तो कोपरा. मोठ्या भिंतीवर कुणी तुम्हाला हात लावू देणार नाही, म्हणून सुरुवात जिथे चूक झाली तरी फार बिघडत नाही तिथून करा, टाकीचा कट्टा, लेबर कॅम्पची भिंत, डक्टच्या आतली बाजू, आणि हे करायला परवानगी मागा, दुपारी जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास किंवा संध्याकाळी उरलेल्या मालात. मागितलं तर चांगले मिस्त्री देतात.

चार गोष्टी आधी हातात बसवा. ओळंबा, सूत, लेव्हलची ट्यूब आणि गुण्या. ट्यूबमध्ये एक जरी बुडबुडा राहिला तरी लेव्हल खोटी येते, म्हणून पाणी भरल्यावर दोन्ही टोकं एकत्र धरून पाणी सारखं उभं राहतंय का ते बघायचं, मगच खूण करायची. मोठा काटकोन गुण्याने नाही निघत, तिथे तीन-चार-पाच करा: एका बाजूला ३ फूट, दुसऱ्या बाजूला ४ फूट, आणि तिरकं माप बरोबर ५ फूट आलं की कोपरा काटकोनात. मोठ्या खोलीला ६-८-१० घ्या, अजून अचूक येतं. टेप वाचायला शिका, इंच, सूत आणि एमएम तिन्ही, कारण मिस्त्री सुतात बोलतो, इंजिनिअर एमएममध्ये बोलतो आणि मधे तुम्ही उभे असता. हे सूत मापाचं, एक इंचात आठ सूत, म्हणजे एक सूत साधारण तीन एमएम.

मालाचं प्रमाण पाठ पाहिजे. नऊ इंची भिंतीला साधारण १:६, म्हणजे एक भाग सिमेंटला सहा भाग वाळू, चार इंचीला १:४. प्लास्टर आतलं १२ एमएम, बाहेरचं २० एमएम आणि ते दोन कोटमध्ये. सिमेंटची ५० किलोची गोणी म्हणजे साधारण ३५ लिटर, त्यामुळे घमेल्यांनी मोजण्यापेक्षा ३५ लिटरचा डबा म्हणजे फर्मा करून मोजा, कारण प्रत्येकाचं घमेलं वेगळं भरतं. कालवलेला सिमेंटचा माल दोन तासांच्या आत वापरायचा, सुकायला लागलेल्या मालात परत पाणी टाकून चालवायचं नाही, हे साईटवर सर्रास चालतं आणि भिंती त्यामुळेच पुढे झडतात. विटा लावायच्या आधी भिजवायच्या. एका दिवसात भिंत दीड मीटरच्या वर न्यायची नाही, खालचे थर ओले असतात, दबतात. कॉलम आणि भिंतीच्या सांध्यावर जाळी मारल्याशिवाय प्लास्टर करायचं नाही, काँक्रीटला टाचे मारून ते खडबडीत करून घ्यायचं, प्लास्टरला आधी ठिय्ये म्हणजे जाडीच्या खुणा द्यायच्या. आणि पाणी मारणं, साध्या सिमेंटला कमीत कमी ७ दिवस, आणि पीपीसी म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट असेल, आजकाल बहुतेक ठिकाणी तेच असतं, तर कमीत कमी १० दिवस. बिगाऱ्याला पाणी मारायला पाठवतात ते हलकं काम समजून, पण काँक्रीटची ताकद तिथेच ठरते, ते नीट केलं तर इंजिनिअरच्या नजरेत तुम्ही सगळ्यात आधी याल.

फिटरचं काम धरलं असेल तर एकच सूत्र आधी पाठ करा. सळईचा व्यास एमएममध्ये घ्यायचा, त्याला त्यानेच गुणायचं, १६२ ने भागायचं, की एका मीटरचं वजन किलोत मिळतं. १२ एमएमला १४४ भागिले १६२, म्हणजे ०.८९ किलो, आणि १२ मीटरची अख्खी सळई साधारण पावणेअकरा किलो. एवढं आलं की ट्रकमधून माल बरोबर उतरला का हे तुम्ही सांगू शकता, आणि जो हे सांगू शकतो त्याला कुणी बिगारी म्हणत नाही. मग कव्हर, म्हणजे सळईच्या बाहेरचा काँक्रीटचा थर: फुटिंगला ५० एमएम, कॉलमला ४०, बीमला २५, स्लॅबला २०, ड्रॉइंगमध्ये वेगळं दिलं असेल तर ड्रॉइंगचंच खरं. उभ्या सळयांभोवतीच्या रिंगांचे हूक १३५ अंशात आत वळले पाहिजेत, नव्वदला सोडून द्यायचे नाहीत, भूकंपात कॉलम धरून ठेवायला तेच हूक असतात.

सेंट्रिंगवाल्यांनी साचे आणि टेकू काढायचे दिवस पाठ करायचे. कॉलमच्या बाजू १६ ते २४ तासांनी, साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधलं अंतर) स्लॅबचे टेकू ७ दिवसांनी, त्याहून मोठ्या गाळ्याला १४ दिवस, बीम ६ मीटरपर्यंत १४ दिवस आणि त्याच्या पुढे २१. हे साध्या सिमेंटचे दिवस आहेत, पीपीसीला इंजिनिअर वाढवून सांगतो, त्याने हो म्हटल्याशिवाय एकही टेकू काढायचा नाही. प्लेटा पुढच्या स्लॅबला लागतात म्हणून ठेकेदार घाई करतो, तेव्हा हे आकडे तोंडावर सांगता आले पाहिजेत, कारण खाली माणसं काम करत असतात.

ड्रॉइंग वाचणं हा सगळ्यात मोठा जिना आहे आणि तो चढायला इंग्रजी फार लागत नाही. सुपरवायझरकडून जुनी, रद्द झालेली प्रिंट मागून घ्या, घरी न्या. त्यात एका दिशेला ए, बी, सी आणि दुसऱ्या दिशेला १, २, ३ अशा रेषा असतात, कॉलम बी-३ म्हणजे त्या दोन रेषा जिथे भेटतात तो. दुसऱ्या दिवशी साईटवर तो कॉलम शोधा. महिनाभर रोज एक खोली, एक कॉलम असं करत गेलात तर ड्रॉइंगची भीती जाते.

अजून एक, एक वही ठेवा. तारीख, साईट, ठेकेदार, काय काम केलं, किती केलं, आणि फोनमध्ये फोटो, भिंतीचा, आणि जमलं तर तुम्ही काम करताना. मजुरीचा हिशोब राहतो हा एक फायदा झाला, पण पुढे कागद करताना हीच वही कामाला येते ते खाली सांगतो.

पहिला कागद: मंडळाची नोंदणी

ट्रेनिंगच्या आधी हे करा. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी. बांधकामाच्या खर्चावर १ टक्का उपकर घेतला जातो, १९९६ च्या कायद्याने तो आला, आणि तो पैसा या मंडळाकडे जमा होतो. म्हणजे तुम्ही जी बिल्डिंग बांधली तिच्यातलाच पैसा आहे हा, कुणाचे उपकार नाहीत. वय १८ ते ६० आणि मागच्या १२ महिन्यांत ९० दिवस बांधकामाचं काम केलेलं असावं, एवढीच अट. वेगवेगळ्या साईट मिळून ९० भरले तरी चालतं. त्याचा दाखला ठेकेदार देतो, किंवा ग्रामसेवक, किंवा नगरपालिका-महानगरपालिकेचा अधिकारी, आणि ठेकेदार टाळाटाळ करतो तेव्हा ती वही आणि फोटो दाखवून बोलता येतं. सोबत आधार, राहण्याचा पुरावा, वयाचा पुरावा, फोटो. नोंदणीची फी आणि दरवर्षीची वर्गणी फार तर एकेक रुपया. एक रुपया, बरोबर वाचलंत. त्याच्या वर कुणी हजार-दीड हजार मागत असेल तर तो एजंटचा धंदा आहे, आणि मंडळाचा भांड्यांचा संच मिळवून देतो म्हणून बायकांकडून पैसे घेतात ते तर जास्तच. अर्ज मंडळाच्या वेबसाईटवर ऑनलाईन होतो, कागद तपासायला आणि अंगठ्यासाठी तालुक्याच्या सुविधा केंद्रात जावं लागतं. दरवर्षी नूतनीकरण विसरू नका, नोंदणी चालू नसेल तर मुलांची शिष्यवृत्ती, आजारपणाची मदत, काहीच मिळत नाही. मंडळाकडून बांधकाम कामगारांची ट्रेनिंगही होतात, केंद्रात गेलात की तेही विचारून या.

इथे एक किचकट पण महत्त्वाची गोष्ट. आधारवरचं नाव, बँकेतलं नाव आणि जन्मतारीख तिन्हीकडे सारखं करून घ्या आणि जो मोबाईल नंबर आधारला जोडलाय तो बदलू नका. साईट बदलली की नवीन सिम घ्यायची सवय बऱ्याच जणांना आहे, आणि मग ओटीपी जुन्या नंबरवर जातो आणि सर्टिफिकेट, स्टायपेंड, सगळं लटकतं. मी बघितलेल्या अडचणींत निम्म्याहून जास्त या असल्याच होत्या.

काम येतंय, कागद नाही: आरपीएल

ज्यांना आधीच काम येतं त्यांनी परत तीन महिने कोर्सला बसायची गरज नाही. आरपीएल म्हणजे तुमच्याकडे आधीच असलेल्या कामाची परीक्षा घेऊन सर्टिफिकेट देणं, केंद्राच्या कौशल्य विकास योजनेत हे आहे. थोडे तास ओळख आणि सेफ्टीचं शिकवतात, मग बाहेरचा परीक्षक येतो, प्रत्यक्ष काम करून घेतो, तोंडी विचारतो. बांधकामाच्या ट्रेडचं सर्टिफिकेट कन्स्ट्रक्शन स्किल डेव्हलपमेंट कौन्सिलच्या नावाने येतं, प्लंबिंगची कौन्सिल वेगळी आहे. नाव घालायला स्किल इंडिया डिजिटल हब नावाचं पोर्टल आणि अॅप आहे, तिथे आधारने खातं उघडायचं आणि जवळचं सेंटर शोधायचं.

यात एका गोष्टीवर अडून बसा. सर्टिफिकेट पायरीचं असतं, हेल्पर, असिस्टंट मेसन, मग मेसन जनरल वगैरे. सेंटरला आकडा पूर्ण करायचा असतो, ते तुम्हाला सोप्यातली सोपी खालची पायरी देऊन मोकळे होतात. तुम्ही पंधरा वर्षं भिंती लावताय आणि हातात हेल्परचं सर्टिफिकेट आलं तर तो कागद उलट नुकसान करतो, कारण पुढे जो बघेल तो तुम्हाला हेल्परच समजणार. नाव घालतानाच विचारा, कुठल्या जॉब रोलसाठी, कुठली लेव्हल. परीक्षा मराठीत किंवा हिंदीत पाहिजे हेही तेव्हाच सांगा.

परीक्षेच्या दिवशी चांगले मिस्त्री नापास होतात ते कामामुळे नाही. हेल्मेट न घालता सुरू करतात, बूट नाही, हत्यारं पसरून ठेवतात, ओळंबा लावतच नाहीत कारण त्यांना डोळ्याने कळतं. परीक्षकाला तुमचा डोळा दिसत नाही, त्याला ओळंबा लावलेला दिसला पाहिजे. प्रत्येक थराला लेव्हल तपासा, सांधे १० एमएमचे सारखे ठेवा, आणि काम झाल्यावर जागा साफ करा. तोंडी परीक्षेत सेफ्टीचं हमखास विचारतात: उंचीवर हार्नेस म्हणजे सेफ्टी बेल्ट कधी आणि कशाला अडकवायचा, तर पहाडाच्या, म्हणजे परांचीच्या, ढिल्या बांबूला नाही, पक्क्या आधाराला, दीड मीटरच्या खाली खड्डा गेला की बाजूंना आधार द्यायचा, वायरचे जोड पाण्यात ठेवायचे नाहीत. हे परीक्षेपुरतं पाठ करू नका.

नवीन शिकायचं असेल तर

गावात असाल तर सगळ्यात चांगलं मला ग्रामीण गवंडी प्रशिक्षण वाटतं. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात ४५ दिवसांचं ट्रेनिंग असतं आणि ते वर्गात नाही, खऱ्या घरकुलावर चालतं, पाया ते छत एक घर तुमच्या हातून उभं राहतं, शेवटी परीक्षा आणि सर्टिफिकेट. बुडालेल्या मजुरीची काही भरपाईही त्यात धरलेली असते, ती किती ते आधीच विचारा. चौकशी पंचायत समितीत, घरकुलाचं काम बघणाऱ्या इंजिनिअरकडे, बॅच कधी लागणार हे तोच सांगेल आणि त्याच्या मागे लागावं लागतं.

आरसेटी नावाच्या संस्था आहेत, बँका चालवतात, साधारण प्रत्येक जिल्ह्यात एक. गवंडीकाम, प्लंबिंग, घराचं वायरिंग असले कोर्स मोफत, राहणं-जेवण धरून. लीड बँकेच्या शाखेत विचारलं तर पत्ता मिळतो. शिवाय २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये राज्यात ५११ प्रमोद महाजन ग्रामीण कौशल्य विकास केंद्रं सुरू झाली, तुमच्या भागातल्या केंद्रात बांधकामाचा ट्रेड आहे का ते बघा, सगळीकडे नाही.

शहराकडे यायची तयारी असेल तर एल अँड टी कंपनीची बांधकाम प्रशिक्षण केंद्रं आहेत, महाराष्ट्रात पनवेलला. सेंट्रिंग, बार बेंडिंग म्हणजे सळई वाकवणं, गवंडीकाम, इलेक्ट्रिशियन वगैरे, साधारण तीन महिने, फी नाही. तिथली शिस्त कडक आहे आणि तीच कामाला येते, कारण नंतर काम मोठ्या प्रोजेक्टवर मिळतं, पण ते देशात कुठेही असू शकतं, घर सोडायची तयारी ठेवूनच जा. पुण्यात क्रेडाई या बिल्डरांच्या संघटनेने कुशल नावाने साईटवरच शिकवायचा उपक्रम चालवला, म्हणजे काम बुडत नाही आणि शिकणंही होतं. तुमच्या साईटचा बिल्डर क्रेडाईचा मेंबर असेल तर सुपरवायझरला विचारा, विचारायला काय जातंय.

वय कमी असेल, आठवी-दहावी झालेली असेल तर मात्र आयटीआय. मेसनचा कोर्स एक वर्षाचा आणि आठवी पासला चालतो, वेल्डरही तसाच, इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचा आणि त्याला दहावी लागते. अॅडमिशन दहावीच्या निकालानंतर ऑनलाईन होतं. सगळी पोरं इलेक्ट्रिशियन आणि फिटरच्या (हा मशीनचा फिटर, सळईचा नाही) मागे लागतात, मेसनकडे कुणी बघत नाही, त्यामुळे तिथे जागा मिळायची शक्यता चांगली असते.

आणि जो स्वतःचं छोटं काम घेतो, कुणाच्या पगारावर नाही, त्याने पीएम विश्वकर्मा योजना बघावी. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, १८ व्यवसाय आहेत, त्यात राजमिस्त्री, सुतार, लोहार येतात. पाच-सात दिवसांचं मूलभूत ट्रेनिंग, दिवसाला ५०० रुपये स्टायपेंड, हत्यारांसाठी १५ हजारांचं व्हाउचर, पुढे १५ दिवसांचं प्रगत ट्रेनिंग. कर्ज ५ टक्के व्याजाने, आधी १ लाख १८ महिन्यांसाठी, ते फेडलं की २ लाख ३० महिन्यांसाठी, तारण नाही. घरातल्या एकालाच मिळतं. अर्ज सीएससी म्हणजे सरकारी ऑनलाईन कामांच्या सेंटरवर, नोंदणी चालू आहे का ते तिथेच कळेल. हत्यारांच्या पैशात चांगला लेझर लेव्हल किंवा टाईल कटर घ्या, पाच सात दिवसांच्या ट्रेनिंगने कुणी मिस्त्री होत नाही पण चांगल्या हत्याराने कामाचा वेग आणि रेट दोन्ही बदलतो.

सेंटर खरं की नुसतं नावाला

एकदा जाऊन बघा, दहा मिनिटांत कळतं. मागच्या बाजूला वाळू, सिमेंट, विटा पडलेल्या आहेत का, बांधून परत पाडलेल्या भिंतीचा ढिगारा आहे का? तो ढिगारा दिसला तर सेंटर खरं. नुसत्या खुर्च्या आणि प्रोजेक्टर असेल तर गवंडीकाम तिथे शिकवत नाहीत. शिकवणारा कधी साईटवर होता का विचारा. रोज अंगठा मारून घरी जा म्हणणाऱ्या सेंटरला हातही लावू नका, तुमच्या आधारवर ट्रेनिंग झाल्याची नोंद पडते आणि पुढे खरं ट्रेनिंग पाहिजे तेव्हा तीच नोंद आडवी येते. सर्टिफिकेट डिजिलॉकरमध्ये आलं का बघा आणि त्याची पीडीएफ व्हॉट्सअॅपवर स्वतःलाच पाठवून ठेवा.

उचल घेतली असेल तर ट्रेनिंगला निघायच्या आधी मुकादमाशी हिशोब मिटवा, लेखी. उचल डोक्यावर असताना माणूस ट्रेनिंगला गेला की आठव्या दिवशी फोन येतो आणि तो अर्ध्यात परत येतो. त्यापेक्षा दिवाळीनंतरच्या सीझनमध्ये थोडं बाजूला टाका, उचल फेडा आणि पावसाळ्यात, साईट थंड असतात तेव्हा, बॅच धरा. पेरणीला गावी जाणारे असाल तर पेरणी उरकल्यावरची बॅच बघा.

बायकांबद्दल वेगळं लिहायला पाहिजे

साईटवर जोडी येते, नवरा-बायको. पाच वर्षांत नवरा मिस्त्री होतो, बायको वीस वर्षांनीही घमेलंच उचलते, आणि मग मान आणि कंबर जाते तेव्हा तिच्या हातात काहीच कौशल्य नसतं. तिला काम येत नाही असं अजिबात नाही, माल किती घट्ट पाहिजे हे तिला मिस्त्रीपेक्षा जास्त कळतं. ताई, मंडळाची नोंदणी स्वतःच्या नावाने वेगळी करा, नवऱ्याची आहे म्हणून चालत नाही, तुमचे ९० दिवस तुमचेच आहेत. आणि शिकायला टाईल्सचं ग्राउटिंग म्हणजे सांधे भरणं, पेंटिंग, पुट्टी, रिंगा बांधणं, वॉटरप्रूफिंग इथून सुरुवात करा, यात ओझं कमी आणि हात बारीक लागतो. सेंटर निवडताना राहायची सोय, संडास-बाथरूम आणि लहान मूल असेल तर त्याचं काय, हे आधी विचारा, लाजू नका. आणि मिस्त्री भावांनो, तुमच्या हाताखाली तुमचीच बायको असेल तर तिला थापी द्या, घरात दोन मिस्त्रींची हजेरी आली तर ती तुमच्याच घरात येणार आहे.

परदेशाचं काम

२०२४ मध्ये पुण्यात औंधच्या आयटीआयमध्ये इस्रायलच्या बांधकामासाठी चाचण्या झाल्या, सेंट्रिंग, लोखंड वाकवणं, प्लास्टर, टाईल्स या चार कामांच्या. त्याच वर्षी राज्य सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल कामगारांचा करार केला, पण तिथे जर्मन भाषा शिकल्याशिवाय काही होत नाही. इस्रायलच्या कामात लक्षात ठेवायचं की निवड प्रत्यक्ष काम करून दाखवल्यावर होते, नुसत्या सर्टिफिकेटवर नाही.

आखाती देशात जायचं असेल तर दहावी नसलेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर येतं, म्हणजे जायच्या आधी सरकारची परवानगी लागते, आणि ती ई-मायग्रेट पोर्टलवरून नोंदणीकृत एजंटमार्फत होते. एजंटचा लायसन नंबर त्या पोर्टलवर टाकून तपासा. त्याला जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि वर जीएसटी एवढंच घ्यायची मुभा आहे, पावतीसह. लाख-दीड लाख रोख मागणारा आणि टुरिस्ट व्हिसावर पाठवतो, तिथे गेल्यावर बदलून देतो म्हणणारा माणूस ओळखीतला असला तरी त्याला पासपोर्ट देऊ नका. करारावर काम कुठलं लिहिलंय ते कुणाकडून तरी वाचून घ्या, मेसन लिहिलंय का हेल्पर, कारण तिकडे पोचल्यावर पगार त्या एका शब्दावर मिळतो.